बॅटरीचा नऊ नंबर आणि इक्बालभाईंचा हात

रविवार, २० जुलै. सकाळचे सहा वीस. जागा: दोह्याच्या उत्तरेला, महामार्गापासून आत असलेल्या एका भाजीपाल्याच्या शीतगृहाचं मागचं आवार. बाहेर छत्तीस अंश, बॅटरीच्या कंटेनरमध्ये चोवीस.

हजर: मी, बॅटरी बसवणाऱ्या कंपनीच्या देखभाल विभागाची प्रमुख. इंजिनिअर हानी, शीतगृहाचे मेंटेनन्स मॅनेजर, मूळचे इजिप्तचे. इक्बाल परकार, आमचे टेक्निशियन, मूळचे राजापूरकडचे. त्यांच्या अंगात पाहुण्यांना देतात ते नारिंगी जाकीट होतं, कारण गेटवरच्या यादीतून त्यांचं नाव दहा दिवसांपूर्वी काढलेलं होतं. अकरा महिने ज्या गेटमधून ते रोज आत गेले, तिथे त्या दिवशी त्यांनी पासपोर्टसारखं आपलं ओळखपत्र जमा केलं.

गैरहजर: आमचे जनरल मॅनेजर मॅथ्यू सर. त्यांनी लिहिलेला अहवाल माझ्या बॅगेत होता. 'मूळ कारण' या रकान्यात 'टेक्निशियनची चूक' असं टाइप केलेलं होतं. माझी सही तेवढी बाकी होती.

माझ्या वहीत नोंद अशी आहे. त्या सहीवर इक्बालभाईंची नोकरी अवलंबून होती, हे वहीत लिहिलेलं नाही, कारण ते तिथे हजर असलेल्या तिघांनाही माहीत होतं.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मला नेहमी विचारलं जातं, की बॅटरीत एवढं काय काम असतं, चार्ज करायची आणि वापरायची. म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

कंटेनर उघडला की आत कपाटांच्या दोन रांगा दिसतात. एका कपाटाला आम्ही रॅक म्हणतो. रॅकमध्ये खणांसारखी एकावर एक मॉड्यूल, आणि प्रत्येक मॉड्यूलमध्ये सोळा सेल. एक सेल म्हणजे जाडजूड शब्दकोशाएवढा बंद डबा, त्याचं व्होल्टेज सव्वातीनच्या आसपास. असे शेकडो सेल एकामागे एक जोडलेले असतात. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांग धरून बादल्या पुढे देतात, तसं समजा. रांगेतला एक माणूस दमला की सगळी रांग त्याच्या वेगाने चालते, आणि एकाचा हात भाजला तर रांगच थांबवावी लागते.

या रांगेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, बोलताना बीएमएस. ती प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजते, ठरलेल्या जागांचं तापमान मोजते आणि रॅकमधून किती करंट जातोय ते मोजते. एखादा सेल इतरांपेक्षा जास्त भरला असेल तर त्यातली थोडी ऊर्जा हळूहळू काढून टाकून सगळ्यांना एका पातळीवर आणते. आणि धोका वाटला की रॅकचा मोठा स्विच उघडून बॅटरी बाकीच्या जगापासून तोडते. याला आम्ही ट्रिप म्हणतो. खरं तर बीएमएसच्या हातात एवढंच असतं. ती आग विझवू शकत नाही, नट आवळू शकत नाही. ती फक्त दार बंद करते आणि पडद्यावर कारण लिहिते.

इतकी वर्षं या कामात काढल्यावर मला कुतूहल उरलं आहे ते तिला माहीत नसलेल्या गोष्टींचं. साधी गोष्ट, बॅटरी किती टक्के भरली आहे? तुम्हाला वाटेल हे तर तिला माहीत असणारच. नसतं. या प्रकारच्या सेलचं व्होल्टेज ऐंशी टक्क्यांना आणि चाळीस टक्क्यांना जवळपास सारखंच असतं. म्हणून बीएमएस आत आलेला आणि बाहेर गेलेला करंट मोजत राहते आणि हिशेबाने टक्के सांगते. पायऱ्या मोजत अंधारात जिना चढण्यासारखं आहे. मधे एखादी पायरी मोजायची राहिली तर वरचा मजला येईपर्यंत कळत नाही.

दोह्यातल्या मुऐदर भागातल्या एका व्हिलात आम्ही घरगुती बॅटरी बसवली होती. मालक वयस्कर, शिस्तीचे. बॅटरी पूर्ण भरली की लवकर म्हातारी होते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं, आणि कुणाला न विचारता सहा महिने तिला चाळीस ते सत्तरच्या मधेच ठेवलं. एका संध्याकाळी घरात पाहुणे जमलेले असताना, पडद्यावर पंचेचाळीस टक्के दिसत असताना, सगळं बंद. मी गेले तेव्हा ते दारातच उभे होते. मी समजावलं, की बीएमएसला मधूनमधून पूर्ण भरलेली स्थिती दाखवावी लागते, म्हणजे तिचा हिशेब पुन्हा जुळतो. त्यांनी शांतपणे विचारलं, म्हणजे इतके दिवस हा आकडा अंदाज होता? मी म्हटलं, हो, पण प्रामाणिक अंदाज. यावर ते म्हणाले, त्यांचा ड्रायव्हरही पेट्रोलबद्दल हेच सांगतो. तेव्हापासून दर पंधरवड्याला मला त्यांचा दोन शब्दांचा निरोप येतो: फुल, मॅडम.

आता शीतगृहाकडे येते.

तिथली बॅटरी दिवसा छतावरच्या सोलरवर भरते आणि सूर्य उतरला की भाजीपाल्याच्या खोल्या गार ठेवते. मे महिन्यापासून ती दुपारी ट्रिप व्हायला लागली. प्रत्येक वेळी पडद्यावर एकच ओळ: रॅक पाच, मॉड्यूल नऊ, तापमान जास्त. इक्बालभाई रॅक थंड होऊ द्यायचे, सुरू करायचे, आणि मला मेल लिहायचे. पहिल्या मेलमध्ये त्यांनी लिहिलं होतं, पडदा नऊ गरम म्हणतो, पण मला नऊच्या तोंडाशी हवा गार लागते, दहाच्या तोंडाशी गरम. प्रत्येक मॉड्यूलच्या पुढे छोटा पंखा असतो, त्याच्या हवेसमोर हात धरून ते सांगत होते.

मी उत्तर दिलं, की हात हा पुरावा होत नाही, स्क्रीनशॉट पाठवा.

त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. त्यात अर्थातच नऊ गरम होता. जूनमध्ये आम्ही नऊ नंबरचं मॉड्यूल बदललं. चार दिवसांनी नवं मॉड्यूलही गरम. दुसरी मेल आली, तिसरी आली, मजकूर तोच. मी तोपर्यंत पंखा, सेटिंग, सॉफ्टवेअर अशी यादी करून एकेक गोष्ट खोडत होते. हाताबद्दलची ओळ माझ्या यादीत नव्हती.

मग जूनच्या शेवटी ट्रिप होणं अचानक थांबलं. नऊ दिवस एकही नाही. मी वहीत 'बंद' लिहून पान उलटलं. दहाव्या दिवशी हानी साहेब पाहणीला आत गेले आणि त्यांना रॅक पाचच्या वरच्या एसीच्या झडपेत टोमॅटोच्या खोक्याचा पुठ्ठा अडकवलेला दिसला. गार हवा दहा नंबरवर पडावी म्हणून इक्बालभाईंनी तो लावला होता. बॅटरीच्या कंटेनरमध्ये पुठ्ठा म्हणजे थेट आगीला आमंत्रण, यात वाद नाही. हानी साहेबांनी तो काढला, फोटो काढला, तक्रार केली. दोन दिवसांनी शीतगृहाचा ट्रान्सफॉर्मर देखभालीसाठी बंद होता, सगळा भार बॅटरीवर होता, आणि भर दुपारी रॅक पाच ट्रिप झाला. त्याच्यामागे बाकीचे रॅक भार न पेलल्याने बंद पडले. पालेभाज्यांची एक अख्खी खोली गेली.

शीतगृहाच्या मालकांना दोष द्यायला माणूस हवा होता, आणि पुठ्ठा लावणारा माणूस समोरच होता. इक्बालभाईंना इशारापत्र मिळालं, गेटवरचं नाव गेलं. कंपनीत त्यांच्यासाठी दुसरी जागा नसल्यामुळे अहवाल मंजूर झाला की कामावरून काढल्याचं पुढचं पत्र तयार होतं. त्यांची धाकटी रत्नागिरीला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे मला आमच्या एचआरने सांगितलं, त्यांनी नाही.

मी सहीचा कागद घेऊन साइटवर का गेले? खरं सांगायचं तर दया म्हणून नाही. एक गोष्ट मला झोंबत होती. पुठ्ठ्याने हवा दहा नंबरवर वळवली होती. मग नऊ दिवस नऊ नंबर गार कसा राहिला? मॅथ्यू सरांना मी हे विचारलं तर ते म्हणाले, योगायोग असेल, तू रविवारपर्यंत सही दे. मी आदल्या दिवशी ऑफिसमधला थर्मल कॅमेरा चार्जिंगला लावला. तो दोन महिने कपाटात होता. कुणालाही तो आणावासा वाटला नव्हता, मलाही नाही, कारण पडदा सगळं सांगतच होता.

उन्हाळ्यात दहानंतर उघड्यावर काम करायला बंदी असते, म्हणून आवाराचं फाटक बरोबर दहाला बंद होतं. आमच्याकडे साडेतीन तास होते. कंटेनरवर भार टाकून बॅटरी चालू केली. तासाभराने कॅमेरा रॅक पाचसमोर धरला. खालून वर एकेक मॉड्यूल निळं दिसत गेलं. नऊ निळं. दहा नारिंगी, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात पांढरा ठिपका. म्हणजे तिथला एक जोड सैल होता आणि तापत होता. त्याच क्षणी पडद्यावर मात्र मॉड्यूल नऊचा आकडा चढत होता.

हानी साहेबांनी कॅमेरा माझ्या हातातून घेऊन स्वतः पाहिलं. मग पडदा पाहिला. मग पुन्हा कॅमेरा. इक्बालभाई दारापाशी उभे होते. पाहुण्यांना रॅकच्या जवळ जायची परवानगी नसते.

"मी सांगत होतो," ते एवढंच म्हणाले, आणि तेही मराठीत, म्हणजे फक्त मला.

रॅक बंद केला, तोडला, आत करंट नाही याची खात्री केली. आता सेन्सर तपासायचे होते. तापमान मोजणारा हा सेन्सर कपाळावरच्या टिकलीएवढा असतो. मॉड्यूलच्या पुढच्या खाचेत तो बसतो आणि त्याची बारीक वायर बाजूच्या पट्टीतून वर बीएमएसच्या बोर्डाला जाते. बोर्डाला मॉड्यूल दिसत नाही. त्याच्या एका पिनवर एक आकडा येतो, आणि त्या पिनला आपण नाव दिलेलं असतं: नऊ. ती वायर खरोखर कुठून आली हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. मॉड्यूल बदललं तरी वायर तीच राहते.

मी हानी साहेबांना विनंती केली, की हे काम इक्बालभाईंना करू द्या, माझी बोटं त्या खाचेत जात नाहीत. हे अर्धं खरं होतं. त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले, यल्ला, चला. इक्बालभाईंनी नारिंगी जाकीट काढून ठेवलं, गुडघ्यावर बसले आणि नऊचा सेन्सर अलगद बाहेर ओढून दोन बोटांत धरला. आत चोवीस अंश होते, बोटं त्याहून गरम. पडद्यावर एक आकडा वाढायला लागला. तो दहाचा होता. दहाचा सेन्सर धरला, नऊ वाढला. वायरी उलट्या होत्या. पहिल्या दिवसापासून.

मला हायसं वाटलं. पुठ्ठ्याचं कोडं सुटलं, हात बरोबर होता, माणूस सुटला. मी अहवालावर काट मारायला पेन काढलंसुद्धा. तेवढ्यात हानी साहेबांनी त्यांच्या टॅबवर एक कागद उघडला. बॅटरी सुरू करतानाचा, मागच्या ऑगस्टचा, आमचा फॉर्म क्रमांक सात. प्रत्येक सेन्सर बोटांत धरून तपासायचा आणि लिहायचं: तापमान वाढतं का, हो की नाही. रॅक पाच, मॉड्यूल नऊ: हो. मॉड्यूल दहा: हो. खाली सही, इक्बाल परकार.

"हे त्यानेच तपासलंय," हानी साहेब मला म्हणाले. "तेव्हा बोटांत धरलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. म्हणजे याने न तपासताच फॉर्म भरला. मॅडम, पुठ्ठा मी एकदा माफ केला असता. हे नाही."

ते चुकीचं बोलत नव्हते. पुठ्ठा म्हणजे अतिउत्साह. खोटा भरलेला तपासणीचा फॉर्म म्हणजे या धंद्यात माणूस संपतो, इथेच नाही, कुठेही.

मी इक्बालभाईंकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले, फोन काढला, त्यात काहीतरी शोधलं, क्षणभर पाहिलं, आणि फोन परत खिशात ठेवला.

हानी साहेब बाहेर पाण्याची बाटली आणायला गेले. मी विचारलं, काय होतं ते.

"काय नाय मॅडम. जुना फोटो हाय."

"बघू."

"राहू द्या. वायरी सरळ करतो, नट आवळतो, काम खलास."

मी हात पुढे केला. त्यांनी फोन दिला, पण माझ्याकडे न बघता.

फोटो फॉर्म सातचाच होता, पण हा दुसरा. त्यात हो-नाहीच्या चौकोनांत काहीच खूण नव्हती. त्याऐवजी प्रत्येक ओळीपुढे मोठ्या इंग्रजी अक्षरांत एकच शब्द लिहिला होता: डाउन, डाउन, डाउन. नऊच्या ओळीत: दहा डाउन. दहाच्या ओळीत: नऊ डाउन. आणि या सगळ्यावरून तिरकी, लाल पेनाने: फॉर्म नीट भरून पुन्हा पाठवा. खाली माझी सही.

मला समजायला अर्धं मिनिट लागलं असेल. हा फॉर्म मी नाशिकला असताना केला. तिथल्या बॅटरीच्या खोलीत डिसेंबरात अठरा अंश असायचे. सेन्सर बोटांत धरला की आकडा वाढणारच. चौदा वर्षं तो फॉर्म माझ्याबरोबर फिरला, दोह्याला आला, आणि मला त्याचा अभिमान होता, कारण तो एका पानात मावतो. मागच्या ऑगस्टमध्ये या कंटेनरचा एसी अजून जोडलेला नव्हता. आत सत्तेचाळीस अंश होते. सत्तेचाळीस अंशांत माणसाचं बोट ही तिथली सगळ्यात गार वस्तू असते. सेन्सर बोटांत धरला की आकडा उतरत होता. इक्बालभाईंनी जे दिसलं ते लिहिलं, उलट्या वायरींसकट. आणि मी, एसीत बसून, चौकोन भरले नाहीत म्हणून तो परत पाठवला.

"मग दुसऱ्यांदा काय केलंत?" मी विचारलं.

"तुम्ही लिवलंत वाढला पायजे. मग वाढवला." त्यांच्या आवाजात राग नव्हता, एखाद्याला पत्ता सांगावा तसं ते सांगत होते. "करक चहाचा गरम कप आणला आणि धरला सेन्सरला. कप केवढा, सेन्सर केवढा. नऊला लावला तर नऊ पण वाढला, दहा पण वाढला. फॉर्मात तुम्ही विचारलंत, वाढतो का. वाढला. हो लिवलं."

"पण पहिल्या कागदावर तुम्हाला उलट दिसलं होतं."

"दिसलं ना. म्हणून लिवलं. मला वाटलं तुम्ही बघितलं असेल. लाल पेनाने सही केलेली मॅडमनी, म्हणजे वाचलं असणार."

मी वाचलं नव्हतं. चौकोन रिकामे आहेत एवढंच पाहिलं होतं.

"आणि हा फोटो दहा दिवसांत कुणाला दाखवला नाहीत?"

"कोणाला दाखवू? सही तुमची. तुमच्यावर बोट दाखवून मी या कंपनीत कुठे राहणार होतो?"

कंटेनरच्या पडद्यावरच्या घड्याळात नऊ बेचाळीस झाले होते. बाहेर हानी साहेब कुणाशी तरी अरबीत फोनवर बोलत होते. इथे मी चटकन योग्य ते केलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी फोन हातात धरून उभी राहिले आणि डोक्यात वेगवेगळी वाक्यं जुळवत राहिले. 'सुरुवातीच्या तपासणीच्या पद्धतीत त्रुटी आढळली.' हे वाक्य खोटं नव्हतं. त्यात कुणाचंच नाव नव्हतं. इक्बालभाईही त्यात बहुधा वाचले असते, बहुधा. हानी साहेबांनी मात्र 'न तपासताच फॉर्म भरला' असं एकदा म्हटलं होतं, आणि ते शब्द त्यांच्या मालकांपर्यंत जायला फार वेळ लागला नसता. मी माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले. इक्बालभाई खाली बसून दोन्ही सेन्सर आपापल्या वायरीवर लावत होते, प्रत्येक वायरीला नवी चिकटपट्टी, त्यावर नंबर, दोन्ही टोकांना.

हानी साहेब आत आले तेव्हा मी त्यांच्यापुढे फोन धरला आणि सांगितलं, की हा पहिला फॉर्म आहे, यात चूक पकडलेली आहे, आणि ही लाल सही माझी आहे.

त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. ओळीने सगळे 'डाउन' वाचले. मग नऊ आणि दहापाशी थांबले. मी एसी, सत्तेचाळीस अंश आणि बोटांचं सगळं सांगितलं. त्यांनी आपला हात समोर धरून बघितला, जणू तो पहिल्यांदाच दिसत होता.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या ऑफिसात त्या दिवशी एसी किती अंशांवर होता?"

मी म्हटलं, बावीस असेल.

"बावीस," ते इक्बालभाईंना म्हणाले. इक्बालभाईंनी मान खाली घातली, पण मी पाहिलं, ते हसत होते. दहा दिवसांत प्रथमच.

दहाला पाच कमी असताना आम्ही फाटकाबाहेर आलो. दहा नंबरचा सैल नट आवळलेला होता, नवा अहवाल माझ्या वहीत कच्चा लिहिलेला होता. मूळ कारण: फॉर्म क्रमांक सात, रकाना चार, 'तापमान वाढतं का'. फॉर्म तयार करणारी व्यक्ती: मी. पहिला अचूक फॉर्म परत पाठवणारी व्यक्ती: मी. मॅथ्यू सरांनी दुपारी तो वाचला आणि सुचवलं, की 'प्रक्रियेतील त्रुटी' असं लिहिलं तरी चालेल. मी म्हटलं, चालेल, पण प्रक्रियेला नाव असतं. त्यांनी दोन दिवस अहवाल टेबलावर ठेवला आणि मग पुढे पाठवला. मला तोंडी बरंच ऐकून घ्यावं लागलं, ते इथे लिहीत नाही. पुठ्ठ्याबद्दलची समज इक्बालभाईंनाही मिळाली, आणि ती योग्यच होती. गेटवरच्या यादीत त्यांचं नाव तीन दिवसांनी परत आलं.

त्यानंतर मी पहिली यादी केली ती उन्हाळ्यात सुरू केलेल्या कंटेनरची. एसी जोडण्याआधी, फॉर्म सात वापरून तपासलेले. सात निघाले. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मी आणि इक्बालभाई पहाटे निघून एकेक तपासत गेलो. सेन्सर ते धरायचे, पडदा मी वाचायचे. वाटेत ते राहतात त्या अल मुंतझा भागातून त्यांना घ्यायचं आणि परत येताना तिथेच सोडायचं, मधे चहा. सातांपैकी एका गोदामात आणखी दोन वायरी उलट्या सापडल्या. तिथल्या फॉर्मवर सगळे चौकोन व्यवस्थित भरलेले होते. तो तपासणारा टेक्निशियन कधीच केरळला परत गेला आहे. त्याला आकडा उतरताना दिसला असेल का आणि त्याने मनात काय म्हटलं असेल, याचा विचार मी अजून करते.

नव्या फॉर्म सातमध्ये हो-नाही नाही. त्यात विचारलं आहे: कोणत्या नंबरचा आकडा बदलला, कितीने, कोणत्या दिशेने. आणि खाली चार रिकाम्या ओळी आहेत, ज्यात काहीही लिहिता येतं. फॉर्म आता दोन पानांचा झाला आहे.

एकदा गाडीत इक्बालभाईंना विचारलं, की हाताने तापमान ओळखायला कुठे शिकलात. म्हणाले, आईच्या भाकरीच्या तव्यावर. मग म्हणाले, तशी मस्करी करतोय मॅडम, पंखा गरम हवा फेकतोय का गार, हे कोणालाही कळतं, फक्त समोर हात धरायला पायजे.

वहीतली त्या दिवसाची सगळी कामं खोडून झाली आहेत, एक सोडून. इक्बालभाईंना दिलेलं इशारापत्र. आमच्या एचआरच्या संगणकात असं पत्र चढवता येतं, उतरवता येत नाही. कर्मचाऱ्याने सात दिवसांत हरकत घेतली तरच ते थांबतं, आणि त्या सात दिवसांत इक्बालभाई गप्प होते, कारण सही माझी होती. एरवी ते वर्षभर फाइलमध्ये राहतं. मी तीन मेल लिहिल्या, दोनदा जाऊन भेटले, नवा अहवाल जोडला, हानी साहेबांकडून दोन ओळींचं पत्रही आणलं. एचआरच्या बाई सहानुभूतीने ऐकतात आणि सांगतात, की सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांना विचारलं आहे. इक्बालभाई मला याबद्दल कधी विचारत नाहीत. मीच सांगते, अजून नाही. ते म्हणतात, होईल, इन्शाल्ला.

त्यांचा करार जानेवारीत नव्याने व्हायचा आहे, आणि करार करणारे आधी फाइल उघडून पत्रं मोजतात. त्याच्या आत ते पत्र निघायला हवं. आज दुपारपर्यंत ते तिथेच आहे.